कांद्याचा भाव आणि ३१ सूत्रं

लासलगावला कांद्याचा भाव कशाने हलतो? आवक, पाऊस, चाळीतला साठा, निर्यातशुल्क, डिझेल. घटक पाचच, पण भावाचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये कुठले एकत्र घ्यायचे? एकेकटे ५, जोड्या १०, तिघांचे गट १०, चौघांचे ५, सगळे मिळून १. म्हणजे प्रत्येक गटाचं एक, अशी ३१ सूत्रं!

ही हाताने लिहू नका. ‘आर’ या संगणकभाषेतलं ‘कॉम्बन’ फंक्शन गट पाडून देतं आणि ‘रिफॉर्म्युलेट’ त्यांचं ‘भाव ~ आवक + पाऊस’ असं सूत्र बनवतं. लूपमध्ये सगळी चालवा आणि प्रत्येकाचा एआयसी, म्हणजे सूत्र किती नेमकं आणि किती सुटसुटीत हे एकत्र मोजणारा आकडा, बघा. जितका कमी तितकं बरं.

एक गोष्ट मात्र हमखास सुटते. साठ्याचे काही आकडे गहाळ असतील, तर साठा असलेल्या सूत्रातून त्या ओळी गुपचूप गळतात. मग वेगवेगळ्या ओळींवरचे एआयसी ताडून पाहण्यात काहीच अर्थ उरत नाही. अपुऱ्या ओळी आधीच काढून टाका.

घटक २० झाले की सूत्रं १०,४८,५७५! एवढ्या गर्दीत एखादं निव्वळ योगायोगानेही चमकतं. त्यात डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी आली की जुनं गणित कोलमडतं. म्हणून एक अख्खं वर्ष बाजूला ठेवा आणि निवडलेलं सूत्र त्याच्यावर तपासा. नाशिककरांनो, आपल्या बाजार समितीच्या भावांवर हे नक्की करून बघा!