खोडदच्या तबकड्या कोणाचे ऐकतात?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर गेले की नारायणगाव लागते. तेथून जवळच, खोडदच्या शेतांमध्ये, पोलादी तारांच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी शाळांची मुले ती पाहायला येतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : "परग्रहावरून काही ऐकू आले का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. हो, एकदा ऐकू आले होते!

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'स्कियापारेली' हे यान मंगळावर उतरत होते. त्याने सोडलेल्या रेडिओ लहरी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर अंतर जवळपास १० मिनिटांत कापून खोडदला पोचल्या, आणि जीएमआरटीने त्या टिपल्या. यान उतरण्याच्या अपेक्षित वेळेआधीच मात्र संकेत थांबला. म्हणजे परग्रहावरून कृत्रिम संकेत आला खरा, पण तो पाठवणारे यंत्र माणसानेच बनवलेले होते.

तरीही या घटनेतून आपल्याला पुष्कळ शिकता येते. पहिला प्रश्न असा, की संकेत कृत्रिम आहे हे ओळखायचे कसे? निसर्गातही रेडिओ लहरी निर्माण होतात. हायड्रोजनचा अणू सुमारे १४२० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी सोडतो. जानेवारी २०२३ मध्ये जीएमआरटीने एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत टिपल्याचे जाहीर झाले. त्या लहरी सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करून आल्या होत्या. 'संकेत' हा शब्द वाचून कोणाला परग्रहवासी आठवतील, पण तो होता साध्या वायूचा. वायूचे अणू निरनिराळ्या वेगांनी इकडेतिकडे धावत असतात, म्हणून त्यांच्या लहरी अनेक वारंवारतांवर पसरतात. गर्दीतल्या गलक्यासारखे हे असते. यंत्राचा संकेत मात्र शिट्टीसारखा एकाच बारीक सुरात एकवटलेला असतो. असा अरुंद संकेत दिसला, तरच कान टवकारावेत.

तेवढ्यानेही घाई करून चालत नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारे नेमके ठोके सापडले. संशोधकांनी गमतीने त्या स्रोताला 'लहान हिरवी माणसे' असे नाव दिले. मग आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच दुसरा स्रोत सापडला. दोन ठिकाणच्या माणसांनी आपल्याला एकाच वेळी, एकाच पद्धतीने हाका माराव्यात, हे संभवत नव्हते. ते निघाले स्पंदक तारे. नैसर्गिक कारणे एकेक करून तपासल्याशिवाय 'कोणीतरी आहे' असे म्हणायचे नाही, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

दुसरा प्रश्न अंतराचा. आपण एक हिशेब करू. सोयीसाठी मंगळावरच्या यानाचा प्रक्षेपक ५ वॅटचा धरू. सूर्याला सर्वात जवळचा तारा, प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे मंगळाच्या त्या दिवशीच्या अंतराच्या सुमारे २ लाख २८ हजार पट दूर आहे. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा तेथून तितकाच स्पष्ट संकेत यायला शक्ती सुमारे ५,२०० कोटी पट लागेल. ती होते २ लाख ६० हजार मेगावॅट. आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. असे १३० प्रकल्प एका प्रक्षेपकाला जोडावे लागतील, आणि तेही शेजारच्या ताऱ्यासाठी! शक्ती एकाच दिशेने एकवटली तर काम पुष्कळ सोपे होते. पण मग ती नेमकी आपल्याच दिशेने, आपण ऐकत असतानाच यायला हवी.

तिसरा प्रश्न काळाचा. इतर ताऱ्यांभोवतीचे हजारो ग्रह आता आपल्याला ठाऊक आहेत, तेव्हा जागेची वाण नाही. पण पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे आयुष्य एका वर्षात बसवले, तर रेडिओ वापरणारा माणूस ३१ डिसेंबरच्या शेवटच्या एका सेकंदात येतो. दुसऱ्या एखाद्या ग्रहावरचा असा 'सेकंद' आपल्या सेकंदाशी जुळेल का? बुद्धिमान समाज किती काळ टिकतो, हाच खरा कळीचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या वागण्यावरही अवलंबून आहे.

मग आजवर काहीच सापडले नाही, याचा अर्थ काय? पुन्हा स्कियापारेलीकडे वळू. संकेत थांबला तेव्हा फक्त शांतता कळली, तिचे कारण कळले नाही. यान आदळल्याचे नंतर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने घेतलेल्या छायाचित्रांतून आणि तपासातून स्पष्ट झाले. ताऱ्यांकडून येणाऱ्या शांततेचेही तसेच आहे. कोणी नसेल, असून बोलत नसेल, किंवा आपला कानच तोकडा पडत असेल. म्हणून मुलांना 'आहेत' किंवा 'नाहीत' असे सांगू नये. 'अजून पुरावा नाही, आणि शोध फार थोडा झाला आहे' असे सांगावे. हे उत्तर टाळाटाळीचे नाही. विज्ञानात असेच उत्तर द्यावे लागते.

ऐकायचे तर आसपास शांतता हवी. जीएमआरटीसाठी डोंगरांच्या आडोशाची ही जागा निवडली, त्यामागे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे मोठे कारण होते. मोबाईल, विजेची उपकरणे, उपग्रह यांनी तो गोंगाट वाढतो आहे. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही हा प्रश्न पुढे आला. नारायणगावच्या शेतकऱ्याला रेल्वे हवी असणे रास्त आहे, आणि दुर्बिणीला शांतता हवी असणेही रास्त आहे. दोन्ही बाजू मांडून वर्गात यावर चर्चा जरूर घडवावी.

शेवटी एक कृती. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबो येथून अवकाशात एक संदेश पाठवला गेला. त्यात १,६७९ चिन्हे होती, प्रत्येक शून्य किंवा एक. हीच संख्या का? मुलांना तिचे अवयव पाडायला सांगा : २३ आणि ७३, दोन्ही मूळ संख्या. म्हणजे चौकटींच्या कागदावर ही चिन्हे दोनच प्रकारे आयतात मांडता येतात, आणि त्यातल्या एका मांडणीत चित्र उमटते. भाषा ठाऊक नसलेल्याला आपण काय आणि कसे सांगू? मुलांना आपापला संदेश चौकटींत रेखाटू द्या. दुसऱ्या गटाला तो वाचता आला नाही, तर परग्रहवासीयांना वाचणे किती अवघड जाईल, हे त्यांना न सांगताच कळेल.