डायलिसिसवरचे मूल आणि आईबापांचे दिवस



मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाचे संगोपन हा डॉक्टरांचा विषय. त्यात कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे कोणी विचारील. उपचार डॉक्टर करतात हे खरे. पण दिवस आईबापांचे जातात, आणि दिवसाचा हिशेब हा आमच्या चळवळीचा जुना विषय आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातले दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम थांबले की विषारी द्रव्ये आणि पाणी अंगात साचू लागते. लहान मुलांत याचे एक मोठे कारण म्हणजे मूत्रमार्गाच्या रचनेतील जन्मजात दोष. आईने ग्रहणात काही चिरले म्हणून तो होत नाही. अशा घरी बोल आईलाच लावला जातो, म्हणून हे आधी सांगितले.

रक्त धुण्याचे यंत्र विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, सेलोफेनच्या नळ्या वापरून केले. पण दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून उपचार फार दिवस चालेना. १९६० साली सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि क्लाइड शील्ड्स हा रोगी पुढे अकरा वर्षे जगला. तो यंत्रकामगार होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

यंत्राचा साधारण नेम आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. वर्षाच्या १५६ खेपा झाल्या. शेंदूरजनाघाटच्या मुलाला अमरावतीस किंवा नागपुरास न्यायचे म्हणजे खेपेगणिक अख्खा दिवस गेला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयात ते मोफत आहे. यंत्राचे पैसे वाचतात. पण संत्रातोडीला जाणाऱ्या बापाची आणि पेट्या भरणाऱ्या आईची मजुरी बुडतेच. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने राज्य विमा मिळाला. शेतमजूर त्याच्या बाहेरच राहिला.

पथ्य हा आपल्या मुलखात सर्वांत कठीण भाग. संत्र्यात पोटॅशियम पुष्कळ असते. निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. ज्या गावात जिकडेतिकडे संत्र्याचे ढीग, तिथल्या मुलाला फोडीसाठी नाही म्हणायचे! केळे, शहाळे, टमाटे, बटाटे यांचेही तेच. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी व ते पाणी फेकावे. मीठ कमी घालावे, कारण मिठाने तहान वाढते. दिवसाचे पाणी सकाळीच मापून ठेवावे. चहा, पातळ वरण, बर्फाचा खडाही त्यात धरावा. प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे, ते प्रत्येक मुलाचे निराळे असते. पण वैशाखात ते पाळणे एकट्या मुलाचे काम नव्हे. घरच्यांनी त्याच्यासमोर तरी संत्री सोलू नयेत आणि गटागटा पाणी पिऊ नये.

मुलांसाठी दुसराही मार्ग आहे. पोटातल्या पडद्याचीच गाळणी करायची: नळीने पोटात द्रव सोडायचा आणि काही तासांनी काढायचा. हे घरी करता येते. यंत्र असेल तर रात्री झोपेतही होते, आणि मूल दिवसा शाळेत जाते. मात्र हात धुण्यात कसूर झाली तर पोटात जंतू शिरतात. म्हणून आईबापांना नीट शिकून घ्यावे लागते. तिसरा मार्ग मूत्रपिंडारोपणाचा. १९९४ च्या कायद्याने आईबाप मूत्रपिंड देऊ शकतात; २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबाही जवळच्या नात्यात आले. औषधे मात्र आरोपणानंतरही चालूच राहतात.

या मुलाला लपवू नये आणि फाजील लाडही करू नयेत. त्याला खरे सांगावे, झेपेल ते काम द्यावे, यंत्राजवळ त्याची पुस्तके न्यावीत. गुरुजींनी बुडालेला धडा शेजारच्या मुलाबरोबर धाडावा. धाकट्या भावंडांना त्या दिवशी शेजारणीने जेवू घालावे. मुकादमाने खाडा पडला म्हणून बाईचे काम तोडू नये. आणि सरकारकडे आपण मागणी करावी ती एवढी: उपचार मोफत आहे, तसा आजारी मुलासोबत जाणाऱ्या मजुराचा दिवसही भरून मिळावा.