दलालांची संघटना आणि आपली अमानत

कापडाच्या धंद्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला दलाल म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. भिवंडीच्या मागावर विणलेला ग्रे कापडाचा ताका थेट गिऱ्हाइकाच्या गोदामात क्वचितच जातो. मध्ये दलाल असतो. तोच नमुना घेऊन फिरतो, तोच आमच्याकडे भाव पाडून मागतो, तोच पार्टीकडे चढवून सांगतो, आणि पैसे थकले की फेऱ्याही तोच मारतो. आमच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांनी सांगितले होते की 'दलाल' हा शब्द अरबीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ वाट दाखवणारा असा आहे. या शब्दाला पुढे जी बदनामी चिकटली ती शब्दाची नव्हे, काही माणसांची कमाई आहे.

आज मात्र मला कापडाच्या दलालाबद्दल नव्हे, शेअर बाजारातल्या दलालांबद्दल, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या संघटनेबद्दल लिहायचे आहे. आपल्या व्यापारी बांधवांना वाटेल, आम्हाला त्याचे काय? परंतु आज आपल्या घरोघरी मुलांच्या मोबाइलमध्ये डीमॅट खाते आहे. मागाची धडधड ऐकत वाढलेली पोरे शेअरचे भाव बघत चहा पितात. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे.

माझ्याकडे तो भाच्याच्या मार्फत आला. २०१८ साली त्याच्या आग्रहावरून मी एका लहानशा दलाली पेढीत खाते उघडले आणि चार लाख रुपये गुंतवले. दोन वर्षे सर्व ठीक चालले. २०२० मध्ये मला सुताच्या गाठींसाठी रोख रक्कम हवी होती, म्हणून काही शेअर विकले. पैसे मात्र खात्यात येईनात. फोन केला की "आज होईल", "उद्या नक्की", "सर्व्हर बंद आहे". ही भाषा मला नवी नव्हती. बुडायला आलेली कापडाची पार्टी अगदी हेच बोलते, फक्त तिच्याकडे सर्व्हर नसतो. पुढे बाजाराने त्या पेढीला थकबाकीदार म्हणून जाहीर केले. नोटीस निघाली, मुदतीत दावा भरला, सौद्यांच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे जोडले. दीड वर्षाने बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीतून रक्कम हातात पडली.

सगळी नव्हे. त्याच पेढीकडे मी आणखी दीड लाख रुपये वेगळे ठेवले होते, दरमहा ठरलेली रक्कम मिळेल या बोलीवर. ती रक्कम कशाची होती हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. निधीच्या नियमात अशा हमीच्या परताव्याला जागाच नाही. दावा फेटाळला गेला आणि तो रास्तच फेटाळला गेला. चूक माझी होती.

त्या धावपळीत मी दलालांच्या एका संघटनेच्या कार्यालयात फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की आमची संघटना पेढ्यांची आहे, गिऱ्हाइकाची तक्रार आमच्याकडे नसते, आपण बाजाराकडे आणि सेबीकडे जावे. मला त्या वेळी संताप आला. दलालाच्या संघटनेने दलालाची जबाबदारी घ्यायची नाही, तर मग ती हवीच कशाला? पुढे सवडीने या विषयाची माहिती गोळा केली तेव्हा माझे मत बदलले. ते का बदलले हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मागे म्हणजे थेट कापसापर्यंत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर सट्टा सुरू झाला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि त्या वर्षीच्या १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा अर्ध्या मुंबईकडे द्यायला पैसे नव्हते. दलाल तोवर टाउन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडाखाली उभे राहून सौदे करीत. झाडाखालच्या सौद्याला साक्षीदार फक्त झाड. ज्याने शब्द फिरवला त्याचे कोणी काय करणार?

या धड्यातून १८७५ साली दलालांनी आपली संघटना स्थापन केली, 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन'. ३१८ सभासद आणि प्रवेश फी एक रुपया, अशी नोंद आहे. हीच संघटना म्हणजे पुढचा मुंबई शेअर बाजार, आणि ते जिथे बसू लागले तो रस्ता म्हणजे दलाल स्ट्रीट. लक्षात घ्या, आधी बाजार आणि मग दलालांची संघटना असे झाले नाही. संघटना हाच बाजार होता.

आपल्या आढतीच्या धंद्यात कच्चा आढत्या आणि पक्का आढत्या असा जुना फरक आहे. कच्चा आढत्या दोन्ही बाजूंची गाठ घालून देतो आणि आपली आढत घेऊन बाजूला होतो. पार्टी बुडाली तर त्याचा संबंध नाही. पक्का आढत्या स्वतः बांधला जातो. पार्टीने दिले नाही तर तो देतो. शेअर बाजारातला दलाल बाजाराच्या दृष्टीने पक्का असतो. बाजार गिऱ्हाइकाला ओळखत नाही, दलालाला ओळखतो. गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत तरी दलालाला भरावे लागतात. हा पक्केपणा एकट्या माणसाच्या सज्जनपणावर टिकत नाही. सभासदाला बाहेर काढण्याची ताकद असलेली जमात मागे असावी लागते. १८७५ च्या संघटनेने ते काम केले. जो सौदा पाळणार नाही त्याला पुन्हा आत पाऊल टाकता येणार नाही, हा दंड कोर्टाच्या हुकमापेक्षा भारी होता.

पण त्यातच एक खोट होती. नियम करणारे दलाल, मोडणारे दलाल आणि न्याय करणारेही दलाल. गिऱ्हाइकाला त्या पंचायतीत जागा नव्हती. १९५६ च्या कायद्याने सरकारचा हात बाजारावर आला आणि १९५७ मध्ये मुंबई बाजाराला मान्यता मिळाली, तरी घरचा कारभार दलालांच्याच हाती राहिला. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटले, त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. २००१ साली पुन्हा घोटाळा झाला. त्या वेळी बाजाराचे अध्यक्ष स्वतः दलाल होते. त्यांनी देखरेख विभागाकडून माहिती मागवली यावरून गदारोळ झाला आणि त्यांनी पद सोडले. त्यांचा हेतू काय होता हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. ज्याचे स्वतःचे सौदे बाजारात आहेत त्याच्याच टेबलावर सगळ्यांच्या सौद्यांची माहिती जाऊ शकते, ही व्यवस्थाच चुकीची होती. पुढे २००५ मध्ये मुंबई शेअर बाजार कंपनी झाला. बाजाराची मालकी आणि कारभार एकीकडे, दलालीचा धंदा दुसरीकडे, अशी ताटातूट झाली.

आता प्रश्न येतो तो हा की बाजार हातातून गेल्यावर दलालांच्या संघटनेचे काम उरते काय?

उरते, आणि मला वाटते तेच तिचे खरे काम आहे: वकिली. नव्वदच्या दशकातले एक उदाहरण आपल्या व्यापाऱ्यांना चटकन समजेल. सेबीने दलालांवर नोंदणी शुल्क बसवले ते उलाढालीवर, एक कोटीच्या वरच्या प्रत्येक कोटीला हजार रुपये या हिशेबाने. दलालांचे म्हणणे असे की कोटीचा सौदा आमच्या हातून गेला म्हणजे कोटी आमचे झाले नाहीत, आमची कमाई त्यातली चिमूटभर. (विक्रीकराच्या दिवसांत आपणही हेच रडगाणे गात होतो.) एकट्या पेढीने हे भांडण कुठवर नेले असते? 'बीएसई ब्रोकर्स फोरम' ही संघटना ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली. फेब्रुवारी २००१ मध्ये निकाल लागला. शुल्क लावण्याचा सेबीचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, म्हणजे मुख्य मुद्दा दलाल हरले. परंतु उलाढाल कशाला म्हणायचे याबद्दल भट समितीने सुचवलेल्या सवलती अमलात आणण्यास सांगितले. हरूनही हाती काही पडले, ते संघटना होती म्हणून.

देशभरच्या दलाली पेढ्यांची आजची मोठी संघटना म्हणजे 'असोसिएशन ऑफ नॅशनल एक्स्चेंजेस मेंबर्स ऑफ इंडिया', जिला सगळे 'अन्मी' म्हणतात. १९९६ साली ती सुरू झाली आणि सुमारे ९०० पेढ्या तिच्या सभासद आहेत. सेबीने नवा नियम आणला की त्यातल्या अडचणी लिहून कळवणे, मुदत मागणे, सभासदांना नियम समजावणे, अर्थसंकल्पापूर्वी सौद्यांवरच्या कराबद्दल गाऱ्हाणे मांडणे, असे तिचे काम चालते.

यातल्या दोन प्रसंगांकडे मी गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिले. पहिला मार्जिनचा. पूर्वी दलाल दिवसभराच्या सौद्यासाठी गिऱ्हाइकाला त्याच्या पैशाच्या कित्येक पट खेळू देत असे. डिसेंबर २०२० पासून सेबीने टप्प्याटप्प्याने हे बंद करत आणले आणि १ सप्टेंबर २०२१ पासून दिवसाच्या मध्यातही पूर्ण मार्जिन असले पाहिजे असा नियम झाला. संघटनेने विरोध केला; धंदा बसेल, दंड अन्यायाचा आहे, असे सांगितले. तिच्या जागी ते बरोबर होते. परंतु माझ्या भाच्यासारख्या पोरांचे त्या नियमाने भलेच झाले. दहा हजार खिशात असताना लाखाचा सौदा करायची सोय ही सोय नव्हेच. दुसरा प्रसंग सौदा दुसऱ्याच दिवशी पुरा करण्याचा. संघटनेने शंका काढल्या की बँका, परदेशी गुंतवणूकदार, लहान पेढ्या यांना हे झेपेल का. नियम थांबला नाही, पण एकदम लादला गेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वांत लहान शंभर शेअरपासून सुरुवात झाली आणि २७ जानेवारी २०२३ ला तो सगळ्यांना लागू झाला. इथे संघटनेची शंका रास्त होती आणि टप्पे पाडल्याने फायदा सगळ्यांचाच झाला.

म्हणजे वकील एका बाजूचा असतो आणि तसाच असायला हवा. फोनवरच्या त्या गृहस्थांनी मला दुसरीकडे पाठवले ते म्हणूनच योग्य होते. माझा दावा जर दलालांच्या संघटनेतच चालला असता तर दीड वर्षाने का होईना जे मिळाले ते मिळाले असते का? मला शंका आहे.

तरीही माझी एक तक्रार उरतेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या कार्वी पेढीवर सेबीचा हुकूम आला की गिऱ्हाइकांच्या शेअरचा गैरवापर झाल्याचे दिसते, नवे गिऱ्हाईक घेऊ नका. गिऱ्हाइकाची अमानत तारण ठेवून स्वतःसाठी कर्ज उचलायचे, हा तो प्रकार. त्यानंतर २०२० मध्ये नियम झाला की तारणाचे शेअर गिऱ्हाइकाच्याच डीमॅट खात्यात राहतील आणि तिथूनच गहाण पडतील. चांगला नियम. मात्र बाजारात एखादी पेढी डळमळते आहे ही कुजबुज सर्वांत आधी दलालांनाच कळते. आमच्याकडे पार्टी बसणार हे चहाच्या टपरीवर महिनाभर आधी कळते, तसेच. नियम शिथिल करा म्हणून जितक्या तत्परतेने पत्रे जातात तितक्या तत्परतेने आपल्यातल्या बिघडलेल्या माणसाबद्दल पत्र जावे. त्यात प्रामाणिक पेढ्यांचाच फायदा आहे, कारण एक पेढी बुडाली की गिऱ्हाईक दहा पेढ्यांतून पैसे काढते.

असो. दुसऱ्याच्या घराचे वासे मोजताना आपले छप्पर पाहायला हवे. कापडाच्या दलालांकडे आम्ही काय करतो? माझ्याकडे येणाऱ्या दलालांपैकी कोणाच्याही मागे अशी संघटना नाही. दलाल कच्चा, सौदा तोंडी, चिठ्ठीवर कधी सही, कधी नुसता शिक्का. २०१६ मध्ये माझे सात लाखांचे ताके घेऊन बाहेरगावची एक पार्टी दुकान बंद करून गेली. दलालाने हात वर केले. त्याच पार्टीने त्याच्या सहा महिने आधी माझ्या शेजारच्या मागवाल्याला बुडवले होते, आणि ते मला नंतर कळले! अब्बांच्या काळी दलालाची जुबान पुरत असे, कारण दलालही चार आणि पार्ट्याही चार. आता माणसे अनोळखी आहेत आणि आम्ही अजून जुबानीवरच चालतो आहोत. आमच्यासाठी सेबी येणार नाही, संरक्षण निधीही नाही. कोर्टात जायचे तर वकिलाची फी आणि वर्षे मोजायची.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले सात मागवाले आणि चार दलाल एकत्र बसलो. बुडवलेल्या पार्ट्यांची नावे, तारीख आणि रक्कम बिलासकट एका वहीत लिहायची, पार्टीला आपली बाजू मांडायला पंधरा दिवस द्यायचे, आणि वहीतल्या पार्टीचा सौदा कोणत्याही दलालाने आणायचा नाही, एवढे ठरले. तीन दलालांनी लगेच सह्या केल्या. चौथा म्हणाला, "मैं सोचकर बताता हूँ." त्याचेही चुकले नाही, त्याचा सख्खा साडू वहीतल्या पहिल्या पानावर आहे. वही कोणाकडे ठेवायची यावर मात्र एकमत झाले नाही. दलालांकडे नको असे मागवाले म्हणतात, मागवाल्यांकडे नको असे दलाल म्हणतात. कापडाशी संबंध नसलेल्या एका निवृत्त शिक्षकांचे नाव निघाले आहे. त्यांना विचारायला आम्ही दोघे या शुक्रवारी जुम्म्यानंतर जाणार आहोत.