मोटारीच्या विम्याचा हप्ता

सातारा-सांगलीकडील आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या दारी आज मोटार उभी असते, आणि विम्याचा हप्ता भरताना दरसाल कुरकुर होते. या हप्त्याचे दोन भाग असतात. परक्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा असून त्याचे दर सरकार ठरविते. तेथे घासाघीस चालत नाही. काटकसर करावयाची ती स्वतःच्या गाडीच्या विम्यात. एक वर्ष भरपाई न मागितल्यास या भागावर शेकडा २० सूट मिळते. अशी पाच वर्षे गेल्यास ती शेकडा ५० होते. समजा, मूळ आकार आठ हजार आहे. तर चारच हजार भरावे लागतात. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून दिवा फुटला, म्हणून दीड हजारांची मागणी केली की ही सारी सूट बुडते. असला खर्च पदरचाच करावा. मुदत संपून ९० दिवस लोटले तरीही ती जाते. गाडी विकल्यास मात्र सूट मालकाकडेच राहते व नव्या गाडीस लागू होते. दलाल हे आपण होऊन क्वचितच सांगतो.

हा दुसरा भागच गाळण्याची युक्ती कृष्णाकाठच्या मंडळींनी तरी करू नये, असे आमचे मत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहरात पाणी शिरले. अशा वेळी केवळ सक्तीचा विमा असलेल्यास स्वतःच्या गाडीबद्दल एक पैही मिळत नाही. आणि बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. त्यामुळे इंजिन मोडल्यास विमा कंपनी बहुधा हात वर करते.