धावण्याच्या बुटातील सुखतळा कसा निवडावा?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेपासून मैदाने गजबजतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. तयारी सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की त्यांपैकी काहीजण टाच किंवा नडगी दुखते म्हणून माझ्याकडे येतात. तपासणी संपत आली की प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, बुटात चांगला सोल टाकला तर थांबेल का?" दुकानात ज्याला 'सोल' किंवा 'इनसोल' म्हणतात तो म्हणजे आपला सुखतळा.

सुखतळ्याने पायाची ठेवण बदलत नाही. सपाट पायाला कमान येत नाही. तळव्यावरचा भार तो वेगळ्या रीतीने वाटून देतो, इतकेच. अनेकांच्या दुखण्याचे मूळ मात्र घाईत असते. कालपर्यंत न धावलेला मुलगा एकदम रोज चार-पाच किलोमीटर धावू लागला, तर हाडांना आणि स्नायूंना सवय व्हायला वेळच मिळत नाही. अशा वेळी आधी धावणे कमी करावे. बूट झिजून एका बाजूला कलला असेल तर तो बदलावा. खर्चाचा क्रम हाच ठेवावा.

काही दुखत नसेल, तर बुटासोबत आलेला सुखतळा पुरेसा आहे. ओल्या पावलाचा ठसा पाहून बूट निवडण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. परंतु अमेरिकेच्या सैन्यदलांतील नव्या भरतीच्या जवानांवर २००९-१० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत, तळव्याच्या आकारानुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही.

खरेदी करताना

धावण्याचे बूट आणि मोजे सोबत न्यावेत. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, म्हणून खरेदी तेव्हाच करावी. बुटातील जुना सुखतळा काढून त्या जागी नवा घालावा. एकावर एक ठेवू नये. तसे केल्यास टाच वर उचलली जाते, बूट निसटतो आणि बोटे आवळतात. जुना चिकटवलेला असेल, तर दुकानदाराला आधी विचारावे.

बोटाने दाबताच पूर्ण बसणारा मऊ सुखतळा पायाला छान वाटतो. पण नुसत्या धक्के शोषणाऱ्या सुखतळ्याने दुखापती टळतात असे आढळलेले नाही. टाचेला वाटीसारखा खोलगट आणि कमानीखाली थोडा घट्ट असा सुखतळा पाहावा. लांबी जास्त असल्यास जुन्याच्या मापाने फक्त बोटांकडून कापावा, टाचेकडून नाही. टाचदुखीसाठी मापाने बनवून घेतलेल्या महागड्या सुखतळ्याचा तयार सुखतळ्यापेक्षा फारसा जास्त उपयोग दिसलेला नाही. म्हणून सुरुवात तयार सुखतळ्याने करावी.

दुकानात दहा मिनिटे चालून पाहावे. कुठेही टोचले तर घेऊ नये. "वापरून सैल होईल" या आश्वासनावर विसंबू नये. घरी पहिले काही दिवस तास-दोन तास चालावे आणि मगच थोडे धावावे. नवा सुखतळा ऐन भरतीच्या दिवशी कधीही घालू नये.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

नडगीच्या हाडावर एकाच बिंदूवर बोट ठेवता येईल अशी वेदना, रात्री विश्रांतीतही ठणका, सूज, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर धावणे थांबवावे. हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. त्यावर सुखतळा घालून धावत राहिल्यास तडा वाढतो आणि भरतीची संधी हातची जाते. मधुमेह्यांनी तर स्वतःच्या मनाने सुखतळा बदलूच नये. संवेदना कमी झालेल्या पायाला घासल्याचे कळत नाही आणि छोट्या फोडाची मोठी जखम होते. त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत आणि सुखतळा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.