नावाआधी कॅपिटल, नावानंतर स्मॉल

नोकरीच्या अर्जात 'मी सीनिअर मॅनेजर म्हणून काम केले' हे इंग्रजीत लिहिताना बहुतेकांचे एस आणि एम कॅपिटल होतात. मान देण्यासाठी अक्षर मोठे, असा समज. प्रत्यक्षात तिथे दोन्ही स्मॉल हवीत.

'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' आणि असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका, इंग्रजी लेखनाच्या या दोन्ही मार्गदर्शिकांचा मुख्य नियम एकच आहे. पद थेट नावाला चिकटून आधी आले, तर कॅपिटल. 'प्रेसिडेंट लिंकन' लिहिताना पी मोठा, पण 'लिंकन, द प्रेसिडेंट' असे नावानंतर किंवा नुसते 'द प्रेसिडेंट' लिहिले की पी लहान. पद अमेरिकेच्या अध्यक्षाचे असले तरीही!

खरी गंमत 'माजी'पाशी आहे. 'फॉर्मर प्रेसिडेंट कार्टर' यात एपी पी मोठाच ठेवते, शिकागो मात्र लहान करते, कारण तिच्या मते ते आता पद नसून वर्णन झाले. मला शिकागोचे म्हणणे पटते. शिवाय अ‍ॅस्ट्रोनॉट, टीचर ही कामाची वर्णने. एपीत ती नावाआधीही स्मॉलच.

आपल्याला सवय लागते ती सरकारी इंग्रजीची. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी मजकुरात प्रेसिडेंट, गव्हर्नर, चीफ मिनिस्टर सगळीकडे कॅपिटल आहेत. कायद्याच्या भाषेत ते शोभते. बातमीत किंवा लेखात नको.

हो, ईमेलखालच्या सहीत पद खुशाल कॅपिटल लिहा. 'येस, डॉक्टर' असे थेट संबोधतानाही डी मोठाच.