मोट्झार्ट, मेंदू आणि ती दहा मिनिटं

पियानो ऐकल्याने बुद्धी वाढते, ही समजूत निघाली एका छोट्या प्रयोगातून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांनी ३६ विद्यार्थ्यांना मोट्झार्टचा दोन पियानोंसाठी लिहिलेला सोनाटा दहा मिनिटं ऐकवला आणि लगेच चाचणी घेतली. घडी घातलेला कागद कात्रीने कापला, तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, अशा धर्तीचे प्रश्न त्यात होते. नुसतं शांत बसल्यानंतरच्या गुणांपेक्षा सोनाटा ऐकल्यानंतरचे त्यांचे गुण जास्त आले. बुद्ध्यांकाच्या भाषेत आठ-नऊ. हा फरक दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, हेही १९९३च्या ‘नेचर’मधल्या त्या टिपणात स्पष्ट होतं. प्रयोगात तान्ही बाळं नव्हतीच. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी असं संगीत पोचवायला सरकारी निधी मागितला!

मग तो फरक आला कुठून? माझ्या मते याचं सर्वांत पटणारं उत्तर कॅनडात मिळालं. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांच्या प्रयोगात काहींना मोट्झार्ट आवडला, काहींना स्टीफन किंगची कथा. ज्याला जे आवडलं, त्यानंतर त्याचे गुण चढले. पुढे २००१ साली अल्बिनोनीच्या नावावरची संथ, उदास रचना ऐकवली, तेव्हा गुण वाढलेच नाहीत. तरतरी आणि मनःस्थिती यांचा हिशेब वेगळा काढल्यावर मोट्झार्टचा प्रभावही जवळजवळ पुसला गेला. म्हणजे गुण वाढवतो तो खुललेला, जागा झालेला मेंदू. या आनंदाला शारीरिक आधार आहे. मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली श्रोत्यांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा अंगावर काटा येण्याच्या क्षणी डोपामिन हे मेंदूतलं रसायन स्रवताना दिसलं; आणि तो क्षण येणार या नुसत्या चाहुलीनेही ते मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवत होतं.

अपस्माराच्या रुग्णांना हाच सोनाटा उपयोगी पडतो, असा दाखला यावर दिला जातो. पण व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२३ साली उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा भरवशाचा पुरावा हाती लागला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संगीत शिकणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक वाढल्याचं शेलेनबर्ग यांनीच २००४ साली दाखवलं. वाढ लहान होती, पण होती. मात्र ती सहा वर्षांची मुलं वर्षभर वाद्य किंवा गाणं शिकत होती, चुकत होती, पुन्हा वाजवत होती. पाळण्याशेजारी लावलेल्या सीडीत यातलं काहीच घडत नाही.